प्रचंड मोठ्या टेक्स्ट फाइल पायथनमधून कशा बदलायच्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हरचे लॉग, बँकेतून किंवा सरकारी पोर्टलवरून उतरवलेल्या सीएसव्ही, मराठी विकिपीडियाचा पूर्ण डंप, छापखान्यातला जुना मजकूर. अशा फाइल काही जीबींच्या झाल्या की नोटपॅड उघडतच नाही आणि इतर एडिटरही गुदमरतात. त्या पायथनमधून कशा हाताळायच्या, याची ही उत्तरं आहेत. पायथन ३ गृहीत धरलं आहे. मराठी मजकुराच्या खास अडचणींना जास्त जागा दिली आहे, कारण त्या इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सापडत नाहीत.

माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. २० जीबीची फाइल बदलता येईल का?

येईल, आणि रॅम जवळजवळ रिकामीच राहील. फाइल 'उघडून बदलायची' ही कल्पना फक्त सोडून द्यायची. जुन्या फाइलमधून एक ओळ वाचायची, लागेल तो बदल करायचा, नव्या फाइलमध्ये लिहायची आणि ती ओळ विसरून जायची. असं केलं की लागणारी मेमरी फाइलच्या आकारावर अवलंबून राहत नाही, सगळ्यात लांब ओळीवर अवलंबून राहते. या पानावरची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

पायथनमध्ये त्यासाठी वेगळं काही लागत नाही. उघडलेल्या फाइलवर सरळ 'फॉर' लूप चालवला की एकेक ओळ हातात येते. डिस्कवरून वाचन मोठ्या तुकड्यांत होत असतं, ते पायथन स्वतः सांभाळतं.

मग 'रीड' किंवा 'रीडलाइन्स' वापरल्याने नेमकं काय बिघडतं?

'रीडलाइन्स' प्रत्येक ओळीची वेगळी स्ट्रिंग बनवून सगळ्यांची यादी करतं. प्रत्येक स्ट्रिंगला मजकुराखेरीज ४० ते ७५ बाइटचं स्वतःचं ओझं असतं (आवृत्तीनुसार आणि लिपीनुसार कमीजास्त), शिवाय यादीतल्या नोंदीचे ८ बाइट. दहा अक्षरांची इंग्रजी ओळ डिस्कवर ११ बाइट घेते, मेमरीत मात्र साठ-सत्तर. आखूड ओळींची २ जीबीची फाइल १२ जीबी रॅम कशी खाते, याचं कोडं इथे सुटतं.

'रीड' वापरून सगळी फाइल एकाच स्ट्रिंगमध्ये घेतली तर वेगळीच गंमत होते. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगमधलं सगळ्यात 'मोठं' अक्षर पाहून सर्व अक्षरांना सारखी जागा दिली जाते. निव्वळ इंग्रजी असेल तर प्रत्येकी १ बाइट, देवनागरी आली की २ आणि एक जरी इमोजी आला तरी सगळ्यांना ४. म्हणजे ३ जीबीच्या इंग्रजी लॉगमध्ये कुणीतरी एकदाच टाकलेला हसरा चेहरा अख्ख्या स्ट्रिंगला १२ जीबीवर नेतो. ओळीओळीने वाचलं तर हा फुगवटा त्या एका ओळीपुरताच राहतो.

मला मधल्या एका ओळीत फक्त एक शब्द घालायचा आहे. त्यासाठी पूर्ण फाइल पुन्हा का लिहायची?

कारण फाइल म्हणजे ओळी नव्हेत, सलग बाइट आहेत. मधे जागा करून द्या असं ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायची सर्वसाधारण सोय नाही. लिनक्सवर काही फाइलसिस्टिममध्ये मधे जागा घुसवता येते, पण ती अख्ख्या ब्लॉकच्या पटीत, त्यामुळे एका शब्दासाठी निरुपयोगी. जागच्या जागी तीनच गोष्टी करता येतात : आहेत त्या बाइटवर तितकेच बाइट लिहिणं, शेवटी भर घालणं आणि शेपूट छाटणं.

'सेड' किंवा 'पर्ल' या मजकूर बदलायच्या साधनांना 'आय' हा पर्याय दिला की ती जागेवर बदल करतात असं वाटतं, पण पडद्यामागे तीही नवी फाइल लिहून तिला जुनं नाव देतात. म्हणून फाइल पुन्हा लिहावी लागते याचं वाईट वाटून घेऊ नका. सलग वाचणं आणि सलग लिहिणं हे डिस्कचं सगळ्यात आवडतं काम आहे.

नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवायची सुरक्षित रीत कोणती?

तात्पुरती फाइल मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये बनवा, सिस्टिमच्या टेम्प फोल्डरमध्ये नको. शेवटी 'ओएस' मॉड्यूलमधलं 'रिप्लेस' वापरून नाव बदलायचं असतं. दोन्ही फाइल एकाच फाइलसिस्टिमवर असतील तरच ही अदलाबदल होते, आणि लिनक्स व मॅकवर ती अखंड होते : दुसऱ्या प्रोग्रामला जुनी तरी पूर्ण दिसते किंवा नवी तरी पूर्ण, अर्धवट कधीच नाही.

रिप्लेसच्या आधी 'फ्लश' आणि मग 'एफसिंक' करा, म्हणजे वीज गेली तरी मजकूर डिस्कवर पोचलेला असेल. 'टेम्पफाइल' मॉड्यूल बनवतं ती फाइल फक्त तुम्हालाच वाचता येते, म्हणून 'शटिल'मधलं 'कॉपीमोड' वापरून मूळ फाइलच्या परवानग्या तिला द्या. हे राहिलं की स्क्रिप्ट नीट चालते आणि दुसऱ्या दिवशी वेब सर्व्हरला ती फाइल वाचता येत नाही. मूळ नाव सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) असेल तर आधी खरा पत्ता शोधा, नाहीतर लिंकच्या जागी साधी फाइल येऊन बसेल. विंडोजवर ती फाइल दुसऱ्या कुणी उघडून ठेवली असेल तर रिप्लेस नकार देतं.

डिस्कवर फाइलच्या दुप्पट जागा हवी, हे ओघानंच आलं. सुरुवात करण्याआधी मोकळी जागा तपासणाऱ्या दोन ओळी स्क्रिप्टमध्ये असाव्यातच.

'फाइलइनपुट' मॉड्यूल हे सगळं आपोआप करतं ना?

करतं. 'इनप्लेस' चालू केलं की 'प्रिंट' केलेलं सगळं फाइलमध्ये जातं. छोट्या कामाला उत्तम. पण एरर आली तर मूळ नावाची फाइल अर्धवट राहते आणि जुना मजकूर बॅकअप फाइलमध्ये शोधावा लागतो, तीही 'बॅकअप' हा पर्याय दिला असेल तरच उरते. एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) सांगायची सोयही ३.१० पासूनच आली. मोलाच्या फाइलसाठी वरची रीत हातानं लिहिलेली बरी.

लांबी तेवढीच राहणार असेल तर जागेवर बदल करता येतो का?

येतो, आणि तो विलक्षण जलद असतो. 'आर प्लस बी' मोडमध्ये फाइल उघडा, 'सीक' करून त्या बाइटवर जा, लिहा. किंवा 'एमएमॅप' वापरा. त्यात फाइल बाइटच्या रांगेसारखी दिसते, तिच्यात 'फाइंड' चालतं, बाइटचे रेग्युलर एक्स्प्रेशनही (शोधायच्या नमुन्याची सूत्रं) चालतात, आणि कुठला भाग कधी रॅममध्ये आणायचा ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. रिकामी फाइल मात्र मॅप होत नाही, तेवढं आधी तपासा.

'तेवढीच लांबी' म्हणजे बाइटची लांबी. यूटीएफ-८ या आज रूढ असलेल्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेतं. 'पुणे' म्हणजे चार चिन्हं, १२ बाइट. 'ठाणे' हेही १२, म्हणून जागेवर बदलता येईल. 'नाशिक' १५ बाइटचं, ते पुण्याच्या जागी बसणार नाही आणि पुढचे तीन बाइट खाऊन टाकेल. इंग्रजी आकड्यांच्या जागी मराठी आकडे असे कधीच घालू नका : एक बाइटच्या जागी तीन जातात. असा बदल बॅकअपशिवाय करू नये, कारण इथे मागे फिरायला जुनी फाइल उरलेली नसते.

वेगासाठी फाइल बायनरी मोडमध्ये वाचली तर मराठी अक्षरं तुटतील का?

यूटीएफ-८ असेल तर ओळीओळीने वाचताना तुटणार नाहीत. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये हे एन्कोडिंग आखलं तेव्हा बहुबाइट अक्षराच्या कुठल्याही बाइटमध्ये साध्या आस्की चिन्हाची (इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं) किंमत येणारच नाही याची तजवीज केली. म्हणून नवी ओळ, स्वल्पविराम, टॅब यांचे बाइट शोधले तर ते खरेच ते असतात. फक्त ओळी गाळायच्या असतील किंवा स्तंभ निवडायचे असतील, तर डीकोड न करता बाइटवरच काम करा. वाचलेला वेळ लगेच जाणवतो.

यूटीएफ-१६ ला हे लागू नाही, आणि मराठीत तर मुळीच नाही. एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून सेव्ह केलेली फाइल यूटीएफ-१६ असते. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा वरचा बाइट ०९ असतो, आणि ०९ म्हणजे टॅब. 'ऊ' चा खालचा बाइट ०ए, म्हणजे नवी ओळ. 'ब' चा २सी, म्हणजे स्वल्पविराम. अशी फाइल बायनरीत टॅबवर तोडायला गेलात तर प्रत्येक मराठी अक्षरापाशी तुकडा पडेल. तिला आधी ओळीओळीने यूटीएफ-८ मध्ये आणा, मगच पुढचं काम.

एन्कोडिंग आणि ओळीच्या शेवटाबद्दल काय काळजी घ्यायची?

'ओपन'ला एन्कोडिंग नेहमी स्पष्ट सांगा. विंडोजवर पायथन आजवर स्थानिक कोडपेज, म्हणजे त्या संगणकाच्या भाषेचं जुनं एन्कोडिंग, धरत आलं आहे. यूटीएफ-८ हे डीफॉल्ट आवृत्ती ३.१५ पासून ठरवलं आहे. सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची खूण म्हणून टाकलेलं चिन्ह) असेल तर 'यूटीएफ-८-सिग' वापरा, नाहीतर पहिल्या स्तंभाच्या नावाला एक अदृश्य चिन्ह चिकटतं आणि तो स्तंभ 'सापडत नाही'.

'न्यूलाइन'ला रिकामी स्ट्रिंग द्या, म्हणजे विंडोजचे दोन बाइटचे ओळशेवट जसेच्या तसे राहतील. मधेच खराब बाइट असतील आणि ते तसेच पुढे न्यायचे असतील तर वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे 'सरोगेटएस्केप' द्या. 'इग्नोर' देऊ नका. त्यानं अक्षरं मुकाट्यानं गळतात, आणि ५ कोटी ओळींत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

फाइलमध्ये नवी ओळच नाही. सगळं एका ओळीत आहे. आता?

मग लूपची 'एक ओळ' म्हणजे अख्खी फाइल, आणि रॅम संपणार. अशा वेळी ठरावीक तुकडे वाचा, एकेका वेळी काही एमबी. टेक्स्ट मोडमधलं 'रीड' चिन्हं मोजतं, त्यामुळे चिन्ह अर्धवट येत नाही. बायनरीत वाचत असाल तर 'कोडेक्स'मधला इन्क्रिमेंटल डीकोडर वापरा. तो अर्धे राहिलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी जपून ठेवतो.

खरी अडचण निराळी आहे : शोधायचा शब्द दोन तुकड्यांच्या सांध्यावर येऊ शकतो. म्हणून तुकड्याच्या शेवटचा थोडा भाग न लिहिता हातात ठेवायचा आणि पुढच्या तुकड्याला जोडायचा. शोधशब्दापेक्षा एक चिन्ह कमी, एवढं राखलं तरी पुरतं. माझा सल्ला मात्र असा की मराठीत शेवटच्या रिकाम्या जागेपर्यंतचाच भाग प्रक्रियेला द्यावा आणि उरलेला पुढे न्यावा. नाहीतर 'क्षि'मधला 'क' एका तुकड्यात आणि हलन्त दुसऱ्यात पडतो, आणि 'पुढे मात्रा नसेल तरच बदल' असले नियम चुकतात.

रेग्युलर एक्स्प्रेशन मराठी शब्द अर्धवट का पकडतं?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण इथे प्रोग्राम एरर देत नाही, चुकीचा बदल करून मोकळा होतो.

पायथनच्या 'आरई' मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेखा. काना, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. त्यामुळे 'मराठी'चे दोन तुकडे मिळतात : 'मर' आणि 'ठ'. शब्दसीमा दाखवणारं बॅकस्लॅश-बी याच व्याख्येवर चालतं, म्हणून 'मर' हा पूर्ण शब्द बदलायला गेलात तर 'मराठी'तलाही बदलतो. उपाय दोन. 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल इन्स्टॉल करा. ते मात्रांना शब्दाचा भाग धरतं. किंवा देवनागरीचा पट्टा, ०९०० ते ०९७एफ, स्वतः लिहा आणि त्यात दोन अदृश्य चिन्हं, झेडडब्ल्यूजे (जोड दाखवणारं) आणि झेडडब्ल्यूएनजे (जोड तोडणारं), घाला. पट्ट्यात दंड आणि अंकही येतात, ते वगळायचे का ते ठरवा.

दुसरा सापळा : दिसायला सारखं, बाइटमध्ये वेगळं. 'दुसऱ्या' हा शब्द एके ठिकाणी 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त, 'य' असा टंकलेला असतो, दुसरीकडे साधा 'र', हलन्त, झेडडब्ल्यूजे, 'य' असा, तिसरीकडे 'र' आणि नुक्ता असा. पडद्यावर तिन्ही एकच. 'युनिकोडडेटा'मधलं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहायचे निरनिराळे प्रकार एका रूपात आणणं) तिसऱ्याला पहिल्यात आणतं, पण दुसऱ्याला हात लावत नाही. 'ॲ'चंही तसंच : २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये, त्याला स्वतंत्र चिन्ह मिळालं. त्याआधीच्या मजकुरात 'अ' आणि अर्धचंद्र जोडलेले असतात आणि एनएफसी ते जुळवत नाही. म्हणून मोठ्या मराठी फाइलवर शोध-बदल करण्याआधी एनएफसी आणि या दोन गोष्टींसाठी हातानं लिहिलेले बदल, एवढा एक फेरा आधी मारा. तो केला नाही तर तुमची स्क्रिप्ट अर्धेच शब्द बदलेल आणि काम झालं असं सांगेल.

अंकांबाबत पायथन उदार आहे. स्ट्रिंगवर चालणारं बॅकस्लॅश-डी मराठी अंकही पकडतं, आणि 'इंट'ला '२५' दिलं तर पंचवीसच मिळतात. बाइटवर चालवलं तर यातलं काही चालत नाही.

५० हजार शब्दांच्या यादीप्रमाणे बदल करायचा आहे. फार हळू चालतं.

बहुधा तुम्ही प्रत्येक ओळीवर ५० हजार वेळा 'रिप्लेस' चालवताय. तो क्रम उलटा करा. यादी डिक्शनरीत ठेवा, ओळीतला प्रत्येक शब्द वरच्या देवनागरी पट्ट्यानं एकदाच उचला, डिक्शनरीत पाहा, असेल तर बदला. आता वेळ यादीच्या लांबीवर अवलंबून राहत नाही. सगळे शब्द उभ्या रेघांनी जोडून एक महाकाय एक्स्प्रेशन बनवणं यापेक्षा हळू पडतं, कारण 'आरई' पर्याय एकामागून एक तपासतं. शिवाय 'पुण्याला', 'पुण्यात' ही रूपं 'पुणे' लिहून सापडत नाहीत. हवी असतील तर यादीतच घाला.

केवळ अंक किंवा एकेक चिन्ह बदलायचं असेल तर 'ट्रान्सलेट' वापरा. प्रगतीचा आकडा दाखवायचा तर लाख ओळींनी एकदा दाखवा. ओळीगणिक 'प्रिंट' केल्याने चांगली स्क्रिप्टही रखडते.

सीएसव्ही, एक्सएमएल, जेसन यांनाही ओळीओळीनेच वाचायचं?

सीएसव्हीत अवतरणातल्या रकान्यात नवी ओळ असू शकते, म्हणून 'सीएसव्ही' मॉड्यूल वापरा. तेही एकेक नोंदच देतं. एका रकान्याची मर्यादा १,३१,०७२ चिन्हांची आहे. पत्त्यांऐवजी अख्खे लेख असतील तर ती वाढवावी लागते.

मराठी विकिपीडियाचा डंप हे एक्सएमएलचं चांगलं उदाहरण. तो बीझेड-२ मध्ये दाबलेला मिळतो. उलगडून ठेवायची गरज नाही, 'बीझेड२' मॉड्यूलचं 'ओपन' तो थेट वाचतं. त्यावर 'इटरपार्स' चालवा, प्रत्येक पान संपलं की काम करा आणि तो घटक 'क्लिअर' करा. इथे बरेच जण अडकतात : पान रिकामं केलं तरी मूळ घटक त्या रिकाम्या पानांची यादी धरून बसतो आणि मेमरी हळूहळू चढत जाते. मूळ घटकही 'क्लिअर' करायला हवा. जेसनसाठी 'आयजेसन' हे मॉड्यूल आहे.

फाइलमधल्या ओळी क्रमानं लावायच्या आहेत.

पायथन बाजूला ठेवा आणि लिनक्सवरचं 'सॉर्ट' वापरा. ते रॅममध्ये मावेल तेवढं लावून तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवतं आणि शेवटी सगळ्यांचं एकत्रीकरण करतं. 'एलसी_ऑल' या भाषेच्या सेटिंगला 'सी' दिलं की वेग खूप वाढतो, पण मग क्रम युनिकोडचा येतो. त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मधे बसतो, आणि 'क्ष' 'क'मध्येच राहतो. कोशासारखा क्रम हवा असेल तर प्रत्येक ओळीआधी क्रमाची किल्ली जोडा, सॉर्ट करा, किल्ली काढा. पायथनमध्येच करायचं तर 'हीपक्यू'मधलं 'मर्ज' हेच एकत्रीकरण करतं.

सगळे कोअर वापरले तर काम चौपट वेगानं होईल?

आधी अडतंय कुठे ते पाहा. सीपीयू निवांत असेल तर डिस्कच पुरी पडत नाहीये, जास्त प्रोसेस लावून काही होणार नाही. सीपीयू भरलेला असेल तर 'मल्टिप्रोसेसिंग' लावा, थ्रेड नको. फाइल बाइटच्या हिशेबानं भागा, प्रत्येक प्रोसेस आपल्या जागी जाऊन पहिली अर्धवट ओळ सोडून देते आणि तिच्या आधीची प्रोसेस ती पूर्ण करते. निकाल वेगळ्या फाइलमध्ये लिहून शेवटी क्रमानं जोडा.

याच फाइलमध्ये रोज इथेतिथे थोडे बदल करावे लागतात. प्रत्येक वेळी पूर्ण लिहायची?

नका लिहू. ओळी फक्त वाचायच्या असतील तर एकदा बायनरीत फाइल चाळून प्रत्येक ओळ कुठल्या बाइटला सुरू होते त्याची सूची करा. मग 'सीक'नं कोट्यवधी ओळींपैकी हवी ती क्षणात मिळते. लूप चालू असताना टेक्स्ट मोडमध्ये 'टेल' विचारलं तर एरर येते, म्हणून ओळींची लांबी स्वतः मोजत जा.

पण बदलही रोजचेच असतील तर ती फाइल राहिलेली नाही, तो डेटाबेस आहे. पायथनसोबत 'एसक्यूलाइट३' येतं, वेगळा सर्व्हर लागत नाही. फाइल एकदा त्यात भरा. हजारो ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, ओळीगणिक 'कमिट' केलंत तर भरायलाच दिवस जाईल. बदल तिथे करत राहा, आणि समोरच्याला टेक्स्ट फाइलच हवी असेल तेव्हा ती क्रमानं बाहेर काढून द्या.